‘काही कारण नसताना’ पडणारा मेन ब्रेकर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. चोवीस जुने माग, गेल्या दिवाळीनंतर घेतलेले सहा रेपिअर (बिनधोट्याचे) माग, वाइंडिंगची मशिनं आणि ऑफिस. एलटी (कमी दाबाचं) कनेक्शन, मेनला २०० अँपिअरचा चार पोलचा थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर. टाँग टेस्टरवर (केबलभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर) १४० अँपिअरच्या वर आकडा कधी दिसला नाही, तरी मेन पडतो. बहुतेक वेळा दुपारी, अधूनमधून रात्री, तर कधी लाइट जाऊन परत आल्यावर. ब्रेकर बदलून झाला, नवाही पडतो. वायरमनचं म्हणणं, ‘मालक, मेन सारखा पडायलाय, २५० चा टाकून मोकळं व्हा.’ टाकावा का?

तूर्त टाकू नका. का ते पुढे येईलच. त्याआधी एक गोष्ट मान्य करा: तुमच्याकडे एक तक्रार नाही, तीन आहेत. दुपारचं पडणं, रात्रीचं पडणं आणि लाइट आल्यावरचं पडणं या तिन्हींत शेवटी ब्रेकरचा दांडा पडतो, म्हणून आपण तिन्हींना एकच नाव देतो आणि मग एकच औषध शोधतो. ते सापडत नाही आणि शेवटी ‘विनाकारण पडतो’ असा निकाल लागतो. ब्रेकरला पडायला लावणारी यंत्रणा मोजून तीन-चारच असतात. त्यातली कोणती हलली हे कळलं की निम्मं काम झालं.

तुमच्या ब्रेकरमध्ये थर्मल भाग आहे, म्हणजे प्रत्येक पोलमधली दोन धातूंची पट्टी. ती करंटने तापते, वाकते आणि खटका सोडते. मॅग्नेटिक भाग मोठ्या करंटला क्षणात उडतो. शिवाय तुम्ही पाठवलेल्या फोटोत ब्रेकरच्या कुशीतून बारीक वायरींच्या दोन जोड्या बाहेर आलेल्या दिसतात. एक जोडी शंट ट्रिप कॉइलची, म्हणजे बाहेरून इशारा आला की ब्रेकर पाडणारी, आणि ती दारावरच्या अर्थ लीकेज रिलेकडे, करंट अर्थमध्ये गळतो का ते बघणाऱ्या साधनाकडे, गेली आहे. दुसरी अंडरव्होल्टेज कॉइलची, पुरवठा खचला की ब्रेकर पाडणारी. या चौघांपैकी कुणीही पाडला तरी दांडा त्याच मधल्या जागी येऊन थांबतो. दांड्याकडे बघून काही कळत नाही. कळतं ते दांडा परत उचलताना.

आणि तिथेच आपल्याकडे घोळ होतो. मेन पडला की माग थांबतात, कामगार बाहेर येतात, जो जवळ असेल तो धावत जाऊन दांडा खाली दाबून वर मारतो. दहा सेकंदांत कारखाना सुरू, आणि पुरावा साफ. पाच मिनिटं उत्पादन गेलं तरी चालेल, पण पुढच्या वेळी दांड्याला हात लावण्याआधी नीट बघायला लावा. थर्मल पट्टी तापून ब्रेकर पडला असेल तर तो लगेच धरत नाही. रिसेट करायला गेलं की सुटतो, काही मिनिटं गार झाल्यावरच धरतो. अंडरव्होल्टेज कॉइलने पाडला असेल तर पुरवठा नीट येईपर्यंत धरत नाही आणि आला की पहिल्या झटक्यात धरतो. शंट ट्रिपने पाडलेला बहुधा लगेच धरतो. रिलेचा कॉन्टॅक्ट अडकून राहिला असेल तरच धरत नाही. मॅग्नेटिकवर पडला असेल तर धरतो, आणि फॉल्ट तसाच असेल तर धाडकन पुन्हा पडतो. असा धाडकन पडलेला ब्रेकर तिसऱ्यांदा मारायचा नाही. २०० केव्हीएच्या साडेचार टक्के इम्पीडन्सच्या (आतल्या अडथळ्याच्या) ट्रान्सफॉर्मरवर त्याच्या टर्मिनलजवळचा शॉर्ट सर्किट करंट जवळपास सहा हजार अँपिअर येतो, ३१५ केव्हीएवर नऊ हजारांच्या पुढे. तो प्रत्येक वेळी तोडताना कॉन्टॅक्ट जळतात, आणि समोर उभ्या माणसाचा चेहरा पॅनलच्या दारापासून हातभर अंतरावर असतो.

आता दुपारकडे येऊ. तुमचा मुख्य आजार तोच आहे.

१४० हा आकडा तुम्ही कधी, कशाने आणि कोणत्या फेजवर घेतला? तुम्हीच लिहिलं आहे की सकाळी अकराला, वायरमनच्या जुन्या टाँग टेस्टरने, आर फेजवर. स्वस्त टाँग टेस्टर करंटची सरासरी मोजतो आणि लाट शुद्ध साइन आहे असं धरून आकडा दाखवतो. रेपिअर मागांवर ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक साधनं, आहेत. ड्राइव्ह पुरवठ्यातून करंट साइनसारखा घेत नाही, शिखरावर लचके तोडल्यासारखा घेतो. अशा करंटला सरासरीवाला मीटर कमी दाखवतो. नुसत्या ड्राइव्हच्या केबलवर ही तूट मोठी असते. तुमच्यासारख्या मिश्र लोडवर, जिथे निम्म्याच्या आसपास करंट साध्या मोटरींचा आहे, ती पाच-दहा टक्के धरा. म्हणजे १४० चे झाले १५० च्या आसपास. ब्रेकरची पट्टी मात्र खऱ्या, तापवणाऱ्या करंटवर चालते. तिला लाटेचा आकार फसवत नाही. म्हणून ट्रू आरएमएस मीटर हवा, आणि मीटरवर तसं छापलेलं असायला हवं.

पुढचा मुद्दा व्होल्टेजचा. सकाळी ४१५ असलेलं व्होल्टेज मे महिन्याच्या दुपारी, सगळीकडचे कूलर आणि एसी चालू असताना, ३८० वर आलेलं सोलापुरात काही नवल नाही. ड्राइव्हला तेवढीच पॉवर लागते, म्हणून तो करंट वाढवून घेतो. भरलेली मोटरही तेच करते. ४१५ चे ३८० झाले तर करंट साधारण नऊ टक्क्यांनी वाढतो. १५० चे झाले १६३. त्यात फेजचा असमतोल आहे. ऑफिसचा एसी, लाइटिंग, कॉम्प्युटर हे सगळं बी फेजवर टाकलेलं फोटोतल्या डीबीवरून (शाखांच्या ब्रेकरची पेटी) दिसतं. तिथे दहा-बारा अँपिअर जादा असतील तर बी फेजवर १७५. आर फेजवर मोजून बी फेजचं कळत नाही, आणि ब्रेकर पडायला एकच पोल पुरतो.

आता दुसरी बाजू. ब्रेकरवर २०० छापलं आहे ते ठरावीक तापमानाला, तुमच्या ब्रेकरला ४० अंशांना. सोलापुरात बाहेरच एप्रिल-मेमध्ये ४२-४३ असतं. पत्र्याच्या शेडखाली, बंद पॅनलमध्ये, शेजारी कपॅसिटरचा कप्पा असताना ६० अंश सहज होतात. अशा वेळी २०० चा थर्मल ब्रेकर १७५-१८० चा असल्यासारखा वागतो. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात मिळतो आणि मॉडेलप्रमाणे बदलतो. एमसीसीबीचं मानक, आयएस/आयईसी ६०९४७-२, सांगतं की ठरलेल्या तापमानाला सेटिंगच्या १.०५ पट करंटवर ब्रेकर पडता कामा नये आणि १.३० पटीवर दोन तासांत पडलाच पाहिजे. मधला पट्टा त्याच्या मर्जीचा. घरातल्या लहान एमसीबीला हेच आकडे १.१३ आणि १.४५ आहेत, वेळ एक तास. तुमचा १७५ चा करंट आणि १७५ ची क्षमता, म्हणजे तुम्ही बरोबर काठावर उभे आहात. कागदावर अजूनही पडायला नको. पण काठावरून ढकलायला फार काही लागत नाही.

ढकलणारा बहुतेक वेळा सैल लग, म्हणजे केबलच्या टोकावरची धातूची टोपी, असतो. ॲल्युमिनियम केबल, त्यावर घाईत केलेलं क्रिम्पिंग (लग दाबून बसवणं), तो लग ब्रेकरच्या तांब्याच्या टर्मिनलवर आवळलेला. दिवसा तापतो, रात्री निवतो, ॲल्युमिनियम हळूहळू दबतं, आवळ कमी होतो, रोध वाढतो. जोडावर तयार झालेली उष्णता तांब्यातून थेट ब्रेकरच्या आत जाते आणि पट्टीला वाटतं करंटच वाढला. नवा ब्रेकर बसवला तरी केबल तीच, लग तोच, आवळणारा तोच. नवा ब्रेकरही पडतो ही तुमच्याकडची सगळ्यात मोलाची माहिती आहे. तुम्ही ती निराशेने लिहिली आहे, मी तिच्यावरून जुन्या ब्रेकरला जवळजवळ निर्दोष सोडतो.

लग तपासायचा तर भर लोडवर, दुपारीच. थर्मल कॅमेरा मिळाला तर उत्तम, पण चकचकीत तांब्यावर कॅमेरा खोटं बोलतो, खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतो. शटडाउन घेऊन तिथे काळ्या टेपचा तुकडा लावून ठेवावा आणि नंतर त्यावर मोजावं, नाहीतर लगच्या शेजारच्या केबलच्या इन्सुलेशनवर. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची: तिन्ही फेजवर करंट सारखा आणि एक लग वीस अंश जास्त गरम, तर दोषी सापडला. कॅमेरा नसेल तर मिलिव्होल्टची पद्धत आहे. चालू लोडवर प्रत्येक पोलच्या वरच्या लगपासून खालच्या लगपर्यंत किती मिलिव्होल्ट पडतात ते मोजायचं. तिन्ही जवळपास सारखे हवेत. एक दुप्पट आला तर तिथेच थांबा. हे जिवंत पॅनलमधलं काम आहे. परवानाधारक माणूस, योग्य कॅटेगरीचा मीटर, हातमोजे आणि चेहऱ्यावर शिल्ड याशिवाय ते करू नये, आणि हाताशी हे नसेल तर करूच नये. दुरुस्ती अर्थातच पुरवठा बंद करून: लग कापून नवा, केबलचं टोक घासून ऑक्साइड काढून, पेस्ट लावून, ॲल्युमिनियम-तांबं जोडासाठीचा बायमेटॅलिक लग, आणि टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाइतकाच आवळ. पान्याला पाइप लावून जीव खाऊन आवळलेला लगही काही महिन्यांत तुम्हाला तिथेच आणून सोडतो.

कापसाच्या धुळीबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. पॅनलच्या जाळीवर आणि पंख्यावर तिचा गोधडीसारखा थर बसतो आणि मग जाळी नावाचीच उरते. बरेच जण दुपारी पॅनलचं दार उघडं ठेवून समोर पंखा लावतात. पंख्याने ब्रेकर पडायचा थांबला तर ते चांगलं निदान आहे: आजार थर्मल आहे हे सिद्ध झालं. उपाय म्हणून मात्र ते वाईट आहे. धूळ आता थेट बसबारवर बसते, आणि मागून पाल नाहीतर उंदीर आत शिरला की फेज टू फेज धमाका होतो.

रात्रीचं पडणं मला वेगळं वाटतं. रात्री पॅनल गार असतो, व्होल्टेज चढलेलं असतं, काही माग बंद असतात. थर्मलला कारणच नाही. तुमच्याच लिहिण्यात आहे की रात्री पडला की वॉचमन लगेच उचलतो आणि तो लगेच धरतो. म्हणून संशय अर्थ लीकेज रिलेवर जातो. तुम्ही म्हणाल, रिलेचा लाल दिवा कधी लागलेला दिसला नाही. दिसणार कसा? तुमच्या वायरिंगमध्ये रिलेचा स्वतःचा पुरवठा मेन ब्रेकरच्या खालच्या बाजूने घेतलेला आहे. रिलेने ब्रेकर पाडला की त्या क्षणी रिलेची स्वतःचीच लाइट जाते आणि दिवा विझतो. मी पाहिलेल्या ‘विनाकारण’ केसेसमध्ये ही एक चूक पुन्हा पुन्हा सापडते. रिलेचा पुरवठा ब्रेकरच्या वरच्या बाजूने, स्वतंत्र फ्यूजमधून घ्या, किंवा पुरवठा गेला तरी खूण टिकणारा, यांत्रिक फ्लॅगवाला रिले बसवा. खर्च फारसा नाही.

रिलेने का पाडलं असेल? एक तर ड्राइव्हचे फिल्टर. ते स्वभावतःच थोडा करंट कायम अर्थमध्ये सोडत असतात, सहा ड्राइव्हचा मिळून आकडा मोठा होतो आणि सेटिंगच्या जवळ जाऊन बसतो. मग कुठेतरी थोडीशी ओल पुरते. तुमचा रिले ३०० मिलिअँपिअर आणि वेळ शून्य, अशा सेटिंगवर आहे. सहा ड्राइव्ह येण्याआधी ते ठीक होतं. पण सेटिंग वाढवण्याआधी मोजा. लीकेज मोजणारा वेगळा क्लॅम्प मीटर मिळतो. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र त्याच्या जबड्यात घ्यायचे, अर्थची वायर सोडून. आधी मेनवर, मग एकेका शाखेवर. जी शाखा जास्त गळते ती सापडते. दुसरी शक्यता, कुणीतरी ऑफिसात यूपीएस बसवताना न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केला असेल. तसं झालं की परतीचा काही करंट अर्थमधून जातो आणि रिलेला तो गळती वाटतो. लोड जसा वरखाली होईल तसा तो कधी पाडेल, कधी नाही. माणूस वेडा होतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही हाच त्रास असतो. सगळे एमसीबी खाली केले तरी आरसीसीबी (गळती झाली की लाइट तोडणारा स्विच) उभा राहत नाही, म्हणून आरसीसीबी खराब ठरवला जातो. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्या न्यूट्रलने कुठे अर्थला स्पर्श केला असेल तर एमसीबी पाडून काही उपयोग नाही, डीबीतल्या न्यूट्रल पट्टीवरून एकेक वायर सोडूनच शोधावं लागतं. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो, २० ला पडला म्हणून तो बाद नाही.

पूर्व भागातल्या एका कारखान्याची गोष्ट इथे उपयोगी पडेल. तिथेही मेन रात्रीच पडायचा, तोही रोज नाही. लोडशी मेळ लागेना, हवामानाशी लागेना. वॉचमनच्या वहीत तारखा होत्या. त्या लावून पाहिल्या तर मध्ये दर वेळी चार-पाच दिवसांचं अंतर. सोलापूरकराला यापुढे सांगायची गरज नाही. त्या रात्री नळाला पाणी येत होतं आणि वॉचमन टाकीत पाणी चढवायला मोटर लावत होता. मोटरची केबल हौदाच्या कडेने ओल्यातून गेलेली, जोड टेपने गुंडाळलेला. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) त्या केबलचं इन्सुलेशन जवळजवळ शून्य आलं. इलेक्ट्रिशियन येऊन तपासायचा ते दिवसा, मोटर बंद असताना, जोड वाळलेला असताना, म्हणून त्याला कधीच काही सापडलं नव्हतं. तुमच्याकडे रात्री नेमकं काय चालू होतं याची यादी वॉचमनला विचारून करा. बोअरची मोटर, बाहेरचे फ्लडलाइट, गेटचा दिवा: ओल आणि लीकेज बाहेरच्या वायरिंगमध्येच राहतात.

तिसरी तक्रार, लाइट आल्यावर मेन पडतो. माझा अंदाज, तो लाइट आल्यावर पडतच नाही. लाइट जाताना पडलेला असतो. अंडरव्होल्टेज कॉइल पुरवठा ७० टक्क्यांच्या खाली आला की ३५ टक्क्यांपर्यंत कुठेतरी सोडते. लाइट गेली की ब्रेकर पडला. अंधारात कुणाचं लक्ष नाही. लाइट आली, शेजारचा कारखाना सुरू झाला, तुमचा नाही, आणि मग कुणीतरी बघून म्हणालं, ‘आली आणि पडला.’ घटना घडण्याची वेळ आणि ती आपल्याला दिसण्याची वेळ, या दोन वेगळ्या असतात. वळवाच्या दिवसांत ११ केव्ही लाइनवर फांदी घासते, क्षणभर व्होल्टेज खचतं, दिवे नुसते मिचकतात आणि तुमचा एकट्याचा मेन पडतो, त्यालाही हीच कॉइल कारण असू शकते. उपाय म्हणजे कॉइलला अर्ध्या ते दोन-तीन सेकंदांचं वेळेचं मॉड्यूल. कॉइल काढून टाकणं हा उपाय नव्हे. बाहेरचा डीओ (खांबावरचा ड्रॉप-आउट फ्यूज) उडून एक फेज गेली असताना मोटरी वाचवणारी साधनं तुमच्याकडे बहुधा ही कॉइल आणि फेज फेल्युअर रिले एवढीच आहेत, त्यातही तो रिले चालू आहे का ते एकदा बघा. दुसरी शक्यता दुबळी आहे, पण नोंदवतो: जुन्या मागांचे स्विच हाताने चालू ठेवलेले असतील तर लाइट येताच चोवीस मोटरी एकदम उठतात. प्रत्येकी दीड एचपी, अडीच अँपिअर, सुरुवातीला सहा पट. साडेतीनशे-चारशे अँपिअर, काही सेकंद. तुमच्या ब्रेकरचा मॅग्नेटिक भाग हजाराच्या पुढे सेट आहे, त्यामुळे एवढ्याने तो पडायला नको. तरी लाइट गेली की स्विच बंद करायची सवय लावणं वाईट नाही.

मॅग्नेटिक भागाबद्दल एक कानगोष्ट. मेन आणि शाखेचा ब्रेकर दोन्ही क्षणात पडणारे असतील तर मागावरच्या मोठ्या शॉर्टला दोन्ही एकदम पडतात, कधी कधी नुसता मेनच. जॉबर (मागांची देखरेख करणारा) त्याच्या मागाचा एमसीबी गुपचूप उचलतो, कारण विचारणा झाली तर माग बंद ठेवावा लागेल. तुमच्यापर्यंत बातमी फक्त मेनची येते. मेन पडला की सगळ्या शाखांचे दांडे बघायचे, कुणी काय उचललं हे न ओरडता विचारायचं. ओरडलात तर पुढच्या वेळी कळणारही नाही.

कपॅसिटर पॅनलही संशयितांत आहे, पण नंतरचा. ड्राइव्ह आल्यावर पाचवा आणि सातवा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पाच आणि सात पट वेगाचा करंट) वाढतो. साधे कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून नेमक्या त्याच्या आसपास रेझोनन्स करू शकतात, मग कपॅसिटरचा करंट छापलेल्या आकड्यापेक्षा बराच वर जातो. दुपारी पाच मिनिटं एपीएफसी (कपॅसिटर आपोआप जोडणारं पॅनल) बंद करून मेनचा करंट पाहा. पॉवर फॅक्टर बिघडल्याने करंट वाढायला हवा. उलट कमी झाला तर तुमचे कपॅसिटर मदत करत नाहीत, हार्मोनिक फुगवत आहेत. मग रेझोनन्स टाळणाऱ्या सात टक्के डीट्यून्ड रिअॅक्टरचा विचार. न्यूट्रलचा करंटही त्याच वेळी मोजा. साडेतीन कोअरच्या केबलला न्यूट्रल निम्म्या जाडीचा असतो आणि एलईडी, कॉम्प्युटरचा तिसरा हार्मोनिक तिन्ही फेजचा मिळून तिथेच जमा होतो.

एचटी (उच्च दाबाच्या) कनेक्शनवाल्यांनीही असेच प्रश्न विचारले आहेत, त्यांच्यासाठी थोडं. तिथे न्यूमेरिकल (घटनांची नोंद ठेवणारा डिजिटल) रिले असेल तर अंदाज बांधायचं कारणच नाही. रिलेच्या पोटात घटनेची वेळ, कोणतं एलिमेंट, तेव्हाचा करंट, सगळं असतं. ते उतरवून घेतल्याशिवाय रिसेटचं बटण दाबू नये, आणि रिलेचं घड्याळ बरोबर लावलेलं असावं. रिलेत काहीच नोंद नाही आणि तरी ब्रेकर पडला, तर डीसी कंट्रोल वायरिंग, ओलसर मार्शलिंग बॉक्स (कंट्रोलच्या वायरी एकत्र येतात ती पेटी), डीसीचा अर्थ फॉल्ट यांच्याकडे वळा. ट्रान्सफॉर्मर चार्ज करतानाच पडत असेल तर मॅग्नेटायझिंग इनरश, म्हणजे त्या क्षणी ट्रान्सफॉर्मर ओढतो तो मोठा करंट. आणि रिलेने बरोबर काम केलं पण सेटिंगच लोडला तोकडं होतं, असंही होतं. देशातलं त्याचं मोठं उदाहरण ३० जुलै २०१२ च्या पहाटेचं. ४०० केव्ही बीना-ग्वाल्हेर लाइन डिस्टन्स रिलेच्या (व्होल्टेज आणि करंटवरून फॉल्ट किती लांब ते ठरवणारा रिले) तिसऱ्या, लांबच्या झोनवर सुटली, लाइनवर फॉल्ट नव्हता. प्रचंड लोड आणि उतरलेलं व्होल्टेज रिलेला लांबच्या फॉल्टसारखं दिसलं, आणि उत्तर भारत अंधारात गेला. तुमच्या दुपारच्या तक्रारीची जात हीच आहे: जास्त लोड, कमी व्होल्टेज, फॉल्ट नाही.

ब्रेकर खरोखर खराब कधी म्हणायचा? पॅनल गार, लग नीट, खरा करंट सेटिंगच्या साठ टक्के, कॉइली सोडवून ठेवलेल्या, आणि तरी पडतो, तर. किंवा त्याने दोन-चार मोठे शॉर्ट तोडले असतील तर. खात्री करायची असेल तर करंट इंजेक्शन टेस्ट (ब्रेकरमधून ठरावीक करंट सोडून तपासणं) करून घ्या.

या आठवड्यात करायचं ते असं. पॅनलच्या दाराला एक वही बांधा: वेळ, दांडा लगेच धरला का, कोणता दिवा लागला होता, शाखेचं काय पडलं होतं, बाहेर लाइट होती का. वहीवर भरवसा नसेल तर कारखान्यातल्या सीसीटीव्हीचा एक कॅमेरा पॅनलकडे वळवा, रिलेचे दिवे आणि दांडा दिसेल असा. कॅमेरा आणि रेकॉर्डर यूपीएसवर हवा, नाहीतर नेमका तो क्षण गायब. रिलेचा पुरवठा वरच्या बाजूला घ्या. ऑफिसचा लोड तिन्ही फेजवर वाटा. रविवारी पुरवठा बंद ठेवून मेनचे आठही लग उघडून पाहा, जाळ्या साफ करा. मग एक लॉगर (सतत नोंद ठेवणारा मीटर) भाड्याने आणून आठवडाभर लावा: तिन्ही फेजचा खरा करंट, न्यूट्रल, व्होल्टेज, पॅनलमधलं तापमान.

आता २५० चं. ब्रेकर मागांसाठी नसतो, त्याच्या खालच्या केबलसाठी असतो. तुमची केबल २०० च्या ब्रेकरच्या भरवशावर टाकली आहे. तिची कोअर साइज आणि ती ट्रेमध्ये इतर केबलींबरोबर गेली आहे की एकटी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. २५० टाकला तर पडणं थांबेल, पण सैल लग तसाच तापत राहील आणि आता त्याला रोखणारं कुणी नसेल. पत्र्याची शेड, खाली कापूस. लग, समतोल आणि हवा नीट करूनही लॉगरवर बी फेज दुपारभर १७५ च्या वर दिसला, तर तुमचा लोड खरोखर वाढला आहे. मग केबल, बसबार, ब्रेकर आणि मंजूर भार चारही एकत्र वाढवायचे, परवानाधारक ठेकेदाराकडून, महावितरणकडे अर्ज करून. लॉगरचा दुपारी बारा ते सहाचा आलेख आणि केबलवर छापलेली ओळ, या दोन गोष्टी पाठवा. त्यावरून पुढचं सांगतो.